तोंडात हाय, बादलीत न्हाई

दवाखान्यात ह्यांना मऊ भात आणि पातळ वरण न्यायचं म्हणून मी जुन्नरच्या स्टँडबाहेर नारायणगावच्या जीपमध्ये बसले होते. जीप भरल्याशिवाय ड्रायव्हर हलत नाही. डबा मांडीवर धरून मी कोपऱ्यात बसले होते. समोरच्या बाकावर दोन माणसं होती, त्यातल्या एकाचा मोबाइल वाजला. त्यानं नुसतं हां, हां केलं, मोबाइल खिशात घातला आणि शेजारच्याला म्हणाला, "डाग गेला." शेजारचा लगेच म्हणाला, "तुमी कधी?" दोघंही हसले. माझ्या शेजारची बाईसुद्धा पदर तोंडाला लावून हसली. मग पहिल्यानं हसणं आवरलं. "न्हाई राव, खरंच गेला. आत्ता, नारायणगावला दवाखान्यात."

डाग म्हणजे माझे मालक. गेली दहा-बारा वर्षं सगळा तालुका त्यांना ह्याच नावानं ओळखत होता. त्या माणसांनी मला ओळखलं नाही, आणि मीही काही बोलले नाही. चारचौघांत बोलायची मला सवयच नाही. जीप भरली, निघाली, वाटेत दोन ठिकाणी थांबून आणखी माणसं घेतली. डबा गरम होता, तो मांडीला पोळत होता, तरी मी तो खाली ठेवला नाही. समोरची माणसं ह्यांच्या कपडे धुवायच्या पावडरीच्या त्या जाहिरातीबद्दल बोलत होती. काय माणूस होता, काय हसवायचा, साडी नेसून कसा मुरकायचा... नारायणगाव येईपर्यंत मी ते ऐकत होते. एकदाही कुणाच्या तोंडी पावडरीचं नाव आलं नाही.

त्याला आता सव्वा महिना होईल. घरात सगळे शेतावर गेले की मी हे थोडं थोडं लिहिते. शाळा चौथीपर्यंतच झाली, त्यामुळे हात लवकर दुखतो.

आमच्याकडं टोमॅटो तोडायला गेलेल्या बाईचे हात संध्याकाळी हिरवे-काळे होऊन येतात. पाल्याचा रस असतो तो. हात लिंबानं चोळले तर निघतात, पण लुगड्याचा काठ, ब्लाउजची बाही, ह्यावर तो जो बसतो तो काही केल्या निघत नाही. माझ्या सासूबाई, आम्ही त्यांना आत्याबाई म्हणायचो, त्यांची सगळी लुगडी अशी पोटापाशी काळपट झालेली होती. हे तेव्हा चाकणकडं पावडरीच्या एका लहानशा कारखान्यात कामाला होते. सुट्टीला यायचे तेव्हा आईचं लुगडं हातात घेऊन बघत बसायचे. एकदा तिथली पावडर आणली, तिच्यात काय काय कमी-जास्त करून पाहिलं, आणि आत्याबाईंच्या लुगड्याचा डाग निघाला. सगळा नाही, पण बघितल्यावर बाई "अगं बया" म्हणेल इतका निघाला. पुढच्या वर्षी नोकरी सोडून हे घरी आले आणि मळ्याच्या कडेला पत्र्याचं शेड घातलं. सोडा, मीठ आणि ते काकवीसारखं काळं चिकट ॲसिड फावड्यानं कालवायचं, वाळवायचं, चाळायचं. आम्ही दोघं नाकाला फडकं बांधून कालवायचो. पुड्यावर काय नाव छापायचं हे त्यांनी कुणाला विचारलं नाही. आत्याबाईंचं नाव सुभद्रा. पावडरीचं नावही सुभद्रा.

पावडर चांगली होती. हे मी मालकाची बायको म्हणून म्हणत नाही, त्या पावडरीनं मी कपडे धुतलेत म्हणून म्हणते. फेस थोडा कमी यायचा, आणि बायका फेसाकडं बघतात, एवढाच तिचा दोष.

हे ती बेल्ह्याच्या आठवडे बाजारात विकायचे. बाजार मुख्य बैलांचा, पण बाजूला बायकांच्या सामानाची एक रांग असते, तिथं बादली घेऊन बसायचे. मांजरपाटाचा पांढरा फडका, त्यावर टोमॅटोचा पाला सगळ्यांसमोर चोळायचा. मग फडक्याचा निम्मा भाग पावडरीच्या पाण्यात बुडवायचा, निम्मा कोरडा बाहेर ठेवायचा. थोड्या वेळानं चोळून, पिळून, फडका दोन्ही हातांनी ताणून धरायचा. अर्धा काळपट, अर्धा पांढरा. मूळचा स्वभाव गमत्या, नक्कल तर अशी करायचे की आवाज ऐकून कुत्रं फसावं. पण बाजारात त्यांचं बोलणं हातांच्या मागून चालायचं. हात बादलीत, तोंड सुरू. एखादी बाई नाक मुरडून उभी राहिली तर म्हणायचे, "ताई, खोटी निघाली तर फुडल्या बाजारी ह्योच फडका माज्या डोक्याला बांधा आन मला बैलाच्या रांगंत उभा करा." बाई हसायची, पण तिची नजर फडक्यावर असायची. जाताना पुडा घेऊन जायची. पुढच्या बाजारी परत यायची, येताना जावेला घेऊन यायची.

तिथंच केबलच्या सुनीलनं त्यांना बघितलं. तेव्हा आमच्या भागात केबल नवीन आली होती. नारायणगावातून सुनील ती चालवायचा, आणि रविवारी दुपारी पिक्चर लावला की मध्ये मध्ये गावातल्याच दुकानांच्या जाहिराती दाखवायचा. साडीचं दुकान, खताचं दुकान, सगळ्या सारख्याच, नुसती पाटी आणि मागं गाणं. सुनील आमच्या ओट्यावर बसून म्हणाला, भाऊ, तुमच्या अंगात कला आहे, ती बेल्ह्याला बैलांपुढं वाया चाललीय. हे म्हणाले, मग टोमॅटोचा डाग दाखवू, फडका दाखवू. सुनील हसला. म्हणाला, फडका कोण बघतंय, लोक तेवढ्यात पाणी प्यायला उठतात. टीव्हीवरच्या मोठ्या जाहिराती बघा, माणूस आधी हसतो, मग वस्तू घेतो.

जाहिरातीतली सून म्हणून त्यांना मी हवी होते. मी चुलीपाशी जाऊन बसले ती कॅमेरा परत जाईपर्यंत बाहेर आले नाही. शेवटी हेच माझी हिरवी साडी नेसले. सासू झाला सुनील, डोक्याला कापूस चिकटवून. लग्नाची शूटिंग करतात त्या कॅमेऱ्यानं आमच्याच अंगणात ते सगळं घेतलं. गोष्ट एवढीच की लेकाकडं आलेली सासू बरेच दिवस झाले तरी हलायला तयार नाही, आणि उठता बसता सुनेच्या धुण्याला नावं ठेवते. सून पावडर टाकते, साडी धुते, सासूच्या नाकासमोर धरते. सासूचा आ वासलेला. मग सून कमरेवर हात ठेवून, मान वेळावून म्हणते, "सासूबाई, डाग गेला... तुम्ही कधी?" आणि मग पुडा दिसायचा. पुडा दिसायचा तेव्हा लोक हसत असायचे.

पहिल्या रविवारी आमच्या घरात निम्मी वाडी जमली होती. जाहिरात लागली आणि जो हशा झाला तो मला अजून ऐकू येतो. माणसं एकमेकांच्या अंगावर पडली. मीसुद्धा हसले. ह्यांचा चेहरा मी त्या दिवशी बघितला तसा पुन्हा कधी बघितला नाही, लग्नातसुद्धा नव्हता. फक्त आत्याबाई हसल्या नाहीत. सगळे गेल्यावर त्यांनी ह्यांना समोर बसवलं. "आपल्यात दारात आलेल्या मानसाला कुनी 'जा' म्हनत न्हाई. निघनारा बी 'येतो' म्हनून निघतो. आन तू माज्या नावाच्या पुड्यावर मलाच कधी जातीस म्हनून इचारतोस व्हय रं?"

"आये, ती खेळातली सासू हाय. ती तू न्हाईस."

"नाव तर माजंच हाय."

ह्यांनी हसण्यावारी नेलं. आत्याबाईंनी नेलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी दुकानातून दुसऱ्या कंपनीची साबणाची वडी आणली आणि आपली लुगडी वेगळी धुवायला लागल्या. आरडाओरडा नाही, भांडण नाही. कॅनॉलवर सगळ्या बायकांच्या देखत दगडावर ती वडी ठेवायच्या आणि धुवायच्या. पोटापाशी पुन्हा काळपट डाग दिसायला लागला तरी त्यांनी पावडरीला हात लावला नाही.

महिनाभरात ती ओळ कुठं पोचली नाही असं गाव राहिलं नाही. शाळेतली पोरं मास्तरांच्या मागं म्हणायची. एसटीत कंडक्टर उतरायला वेळ लावणाऱ्या म्हातारीला म्हणायचा. लग्नात जेवण झालेल्या पंगतीला वाढपी म्हणायचे, पत्रावळी उचलल्या, तुम्ही कधी. डिंगोऱ्याला माझ्या माहेरी गेले तर तिथंही माझी ओळख डागाची बायको. ह्यांना रस्त्यात थांबवून लोक म्हणायला लावायचे, आणि हे म्हणायचे. त्यांना वाटायचं, आता पुडे कमी पडतील. आम्ही जास्तीचा माल कालवून ठेवला. पोती शेडात एकावर एक लागली... आणि तिथंच राहिली.

दुकानदार माल परत करायला लागले. हे विचारायचे, अहो, जाहिरात तर सगळ्यांना पाठ आहे. दुकानदार म्हणायचे, आहे ना, आम्हालाही पाठ आहे. एका दुकानात तर ह्यांच्या डोळ्यांदेखत एक माणूस आला, ती डागवाली द्या म्हणाला, आणि दुकानदारानं मोठ्या कंपनीचा निळा पुडा काढून दिला. माणसानं तो पिशवीत टाकला, वळताना ह्यांना ओळखलं, ओळ म्हणून दाखवली आणि गेला. पिशवीतल्या पुड्याकडं त्यानं बघितलंही नाही.

बायकांचं काय झालं ते मला कुसुमनं सांगितलं. कुसुम आमच्या शेजारची, पहिल्यापासूनची गिऱ्हाईक. ती पण वडीनं धुवायला लागली तेव्हा मी कॅनॉलवर तिला हळूच विचारलं.

"तुजी पावडर वाईट न्हाई गं," कुसुम म्हणाली. "पर दुकानातनं काय आनायचं ते आमची सासू सांगती. तिला कसं म्हनू, सुभद्रा आना? आन मी आपल्या मनानं आनली, तर म्हनंल, मला जा म्हनतीस काय? तुजी पावडर घरात आनली म्हंजी भांडनच घरात आनलं." मग तिनं आत्याबाईंच्या दगडाकडं बघितलं आणि आवाज आणखी खाली आणला. "आन जिच्या नावाची हाय, ती तरी कुठं वापरती."

हे मी घरी येऊन ह्यांना सांगितलं. हे तसेच उठले. मग सायकल काढून नारायणगावला सुनीलकडं गेले. तिथं काय झालं ते मला नंतर सुनीलच्या बायकोनं सांगितलं. सुनील म्हणत होता, भाऊ, अशी जाहिरात आपल्या केबलवर पुन्हा होणार नाही, पोराटोरांच्या तोंडात आहे. हे म्हणाले, "तोंडात हाय, बादलीत न्हाई." सुनीलला ते इतकं आवडलं की तो म्हणाला, ह्याचीच दुसरी जाहिरात करू.

दुसरी केलीही. ह्यांनी हट्ट धरला म्हणून साधी केली. सदरा-पायजम्यात बसून टोमॅटोचा पाला चोळायचा, फडका धुवायचा, दाखवायचा. जाहिरात लागली की ह्यांनी तोंड उघडायच्या आधीच लोक हसायला लागायचे. शेवटपर्यंत वाट बघायचे, आता म्हणेल, आता म्हणेल. म्हणत नाहीत म्हटल्यावर चिडायचे. सुनीलकडं तक्रारी गेल्या, पहिलीच लावा म्हणून. त्यानं पहिलीच लावली. पुढं कितीतरी दिवस ती फुकट लावायचा, लोक मागतात म्हणून.

मग फक्त बेल्ह्याचा बाजार उरला. त्या शेवटच्या बाजारी मीही गेले होते, पोती उचलू लागायला. हे नेहमीच्या जागी बसले, फडक्यावर पाला चोळला, निम्मा फडका बादलीत बुडवला. पूर्वी बायका थांबायच्या. त्या दिवशी बैलांच्या रांगेतले व्यापारी आले, टेंपोवाले आले, मोटरसायकली उभ्या करून तरणी माणसं आली. बायका मागं सरल्या. "डाग, म्हना की राव." हे म्हणाले, आधी डाग बघा, मग म्हणतो. एक जण म्हणाला, "डाग काय बघायचा, डाग तर आमच्या फुडं बसलाय." सगळे हसले. ह्यांनी मान वर केली. हात बादलीतच होते. त्यांनी ती ओळ म्हटली, मान वेळावून, आवाज बारीक करून, जशी जाहिरातीत म्हणायचे अगदी तशी. हशा झाला, टाळ्या पडल्या, आणि माणसं बैलांकडं निघून गेली. एकही पुडा गेला नाही. बादलीतला फडका अजून चोळायचा होता. तो त्यांनी तसाच काढला, पिळला आणि पिशवीत टाकला. घरी आल्यावर शेडातल्या खुंटीला अडकवला. त्यानंतर आम्ही पावडर कालवली नाही.

शेड बंद झाल्यावर हे टोमॅटोच्या मार्केटला कॅरेट, म्हणजे प्लास्टिकचे खोके, लावायच्या कामाला लागले. नाव तिथंही पोचलेलं होतंच. तिथला शेठ हाक मारायचा, ए डाग. हे ओ द्यायचे. मला ते ऐकवत नसे, म्हणून मी डबा घेऊन गेले तरी गेटवरूनच परत यायचे.

आत्याबाई गेल्या तेव्हा हे ओल्या अंगानं, हातात मडकं घेऊन चालत होते. मागं माणसांत कुणीतरी कुणाला तरी हळूच म्हणालं, "सासूबाई गेल्या, आता डागाचं कसं." दोघं-तिघं हसले, लगेच गप्प झाले. ह्यांना ऐकू गेलं. चालणं थांबलं नाही, पण मान जी खाली गेली ती घाटावर पोचेपर्यंत वर आली नाही. त्या दिवसापासून ती ओळ त्यांनी तोंडातून काढली नाही. कुणी कितीही म्हणालं तरी नुसतं बघायचे. लोक म्हणायला लागले, डागाला लई माज आला.

छातीचं दुखणं त्याच्या पुढचं. जिना चढवेना, मग चालवेना, मग आडवं झोपवेना. डॉक्टरांनी फोटो बघून विचारलं, धुळीचं काही काम करत होता का. मी पावडरीचं सांगितलं. डॉक्टर म्हणाले, असेलही. मी घरी येताना तेच मनात घेऊन आले. कुणाच्या बादलीत राहिली नाही ती पावडर, ह्यांच्या छातीत मात्र राहिली.

शेवटच्या दुपारी नर्स सलाइन बदलायला आली. हसरी, लहान होती पोरगी. ह्यांच्याकडं निरखून बघितलं आणि म्हणाली, "बाबा, तुम्हीच ना ते? मी शाळेत असताना आम्ही रोज म्हणायचो. एकदा म्हणा ना." मी तिला नको म्हणणार होते, पण माझ्या तोंडून शब्द बाहेर यायला नेहमीच उशीर होतो. ह्यांनी नाकावरचा मास्क बाजूला केला. इतक्या वर्षांनी... दम लागत होता, दोन शब्दांमध्ये थांबावं लागत होतं, तरी मान थोडी वेळावली. "सासूबाई... डाग गेला... तुम्ही कधी?" शेजारच्या खाटेवरचा माणूस हसला, त्याची बायको हसली, दारातला वॉर्डबॉय हसला. नर्स हसत हसत म्हणाली, ती निळ्या पुड्याची ना? आणि उत्तर ऐकायला न थांबता पुढच्या खाटेकडं वळली. ह्यांनी तिच्या पाठीकडं बघत म्हटलं, "सुभद्रा." तिनं ऐकलं नाही. पुन्हा म्हणाले, "सुभद्रा... सुभद्रा." शेजारच्या खाटेवरच्या माणसाची बायको मला म्हणाली, "आई आठवती का त्यांना?" मी हो म्हणाले.

मुलगा संतोष रात्री त्यांच्याजवळ थांबणार होता. मी घरी निघाले, सकाळी भात घेऊन येणार होते. मी म्हणाले, "येते." त्यांनी डोळे मिटून मान हलवली. माझ्याकडं मोबाइल नाही, दुसऱ्या दिवशी त्या जीपमध्येच मला कळलं.

दहाव्याला नदीवर फ्लेक्स लावला होता, मार्केटमधल्या लोकांनी. त्यावर त्यांचा जाहिरातीतला फोटो होता, पदर डोक्यावर घेतलेला. खाली कै. बबनराव, आणि कंसात डाग. मालकाचं नाव मी कधी तोंडानं घेतलं नाही, आज इथं लिहिलं ते तिथं पूर्ण दिसलं म्हणून. आमच्याकडं दहाव्याला भाषणं होतात. एक पुढारी उभे राहिले, म्हणाले, ह्या माणसानं तालुक्याला हसवलं, ह्यांच्या जाहिरातीनं ती पावडर घराघरांत पोचवली, ती, काय बरं... ती सुप्रसिद्ध पावडर. आणि मग ती ओळ म्हटली. नदीकाठी मुंडण करून बसलेल्या माझ्या मुलासमोर माणसं हसली. माझं मन शेडातल्या पोत्यांकडं गेलं. घराघरांत पोचली म्हणाले. कुणाच्या घरात...

गेल्या आठवड्यात संतोषनं शेड रिकामं करायला घेतलं. त्याला तिथं औषध मारायचा पंप आणि पाइप ठेवायचे आहेत. जागा नुसती पडून राहण्यापेक्षा ते बरंच आहे. पोत्यांतल्या पावडरीचे कधीच दगड झालेले, ते त्यानं ओढ्याकडंच्या खड्ड्यात टाकले. मग खुंटीवरचा फडका काढला आणि मला विचारलं, आई, हा धुऊन पुसायला घेऊ का. मी तो त्याच्या हातातून काढून घेतला.

इतक्या वर्षांत मांजरपाट पिवळा पडलाय, पण कळतं. एक अर्धा टोमॅटोच्या पाल्यानं काळपट. दुसऱ्या अर्ध्यावर, जिथं पाणी लागलं तिथं, तोच डाग थोडा फिकट, चोळायचा राहून गेलेला. ह्यांची बोटं जिथं होती तिथं पिळल्याच्या चुण्या तशाच आहेत. हा धुवायची पावडर आता कुठं मिळत नाही, आणि दुसऱ्या कुणाच्या पावडरीनं मी तो धुणार नाही. मी तो परत खुंटीला अडकवला, आणि संतोषला सांगितलं, पंप ठेव, पाइप ठेव, पण ही खुंटी मोकळी करू नको.

रस्त्यानं जाणारी माणसं अजून म्हणतात, डाग गेला. गेला नाही तो. शेडात आहे.